दगडी भिंतींची साक्ष

मुलांनो, तालुक्याच्या गावी जुनी दगडी कचेरी तुम्ही पाहिली असेल. तिच्यावरून आपण अनेकदा ये-जा करतो. परंतु त्या भिंतींनी काय पाहिले असेल, याचा विचार क्वचितच मनात येतो. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील अशा काही वास्तूंची हकिकत आज आपण वाचू.

इंग्रजी अमदानीत तालुक्याची कचेरी हे परकी सत्तेचे ठाणेच होते. शेतसारा तेथेच भरावयाचा, हुकूम तेथूनच सुटावयाचे. हे हुकूम लोकांना विचारून निघत नसत. लोकांना जबाबदार नसलेली ती राजवट एक प्रकारची हुकूमशाहीच होती.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस ‘छोडो भारत’चा ठराव झाला. त्या वेळी तासगाव व इस्लामपूर ही गावे सातारा जिल्ह्यातच मोडत. जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी निर्धार केला, की हाती शस्त्र न धरता कचेरीवर जावयाचे आणि तेथे तिरंगा फडकवावयाचा. ३ सप्टेंबर रोजी तासगावच्या कचेरीवर हजारो लोक चालून गेले. तेथे रक्त न सांडता तिरंगा फडकला.

वडूज येथे मात्र निराळे घडले. ९ सप्टेंबर रोजी परशुराम घार्गे मोर्चाच्या अग्रभागी होते. पोलिसांनी नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. घार्गे व त्यांचे सोबती धारातीर्थी पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यात उमाशंकर पंड्या व विष्णू बारपटे हुतात्मा झाले.

पुढे कार्यकर्ते भूमिगत झाले. काहींना सांगलीच्या गणेशदुर्ग किल्ल्यातील तुरुंगात डांबण्यात आले. उंच तट, भोवती खंदक आणि बंदूकधारी पहारा! तरीही २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून तटावर चढले आणि खाली उड्या टाकून निसटले. पोलिसांनी पाठलाग केला. अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव यांना वीरमरण आले. वसंतदादा गोळी लागून जखमी झाले व पुन्हा पकडले गेले. हेच वसंतदादा १९७७ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

याच सुमारास क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली ‘प्रतिसरकार’ उभे राहिले. त्याच्यापाशी दगडी कचेरी नव्हती की तटबंदीचा तुरुंग नव्हता. तरीही खेडोपाडी त्याची न्यायमंडळे तंटे मिटवीत आणि लोक त्यांचा निवाडा मानीत. इंग्रजांच्या कचेऱ्या जागच्या जागी होत्या; पण लोकांच्या मनातील त्यांचा धाक मात्र उरला नव्हता. राज्य भिंतींच्या बळावर चालत नाही, ते लोकांच्या संमतीवर चालते. हे सत्य या जिल्ह्यांतील साध्या शेतकऱ्यांनी जगाला दाखवून दिले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. ज्या तिरंग्यासाठी वडूजला गोळ्या झेलाव्या लागल्या, तो आता सरकारी कचेऱ्यांवर मानाने फडकू लागला.

मुलांनो, वडूजला किंवा सांगलीस जाल, तेव्हा त्या भिंतींपुढे क्षणभर थांबा. आपल्यासारख्याच खेड्यापाड्यांतील माणसांनी तेथे आपले प्राण पणास लावले होते, याचे स्मरण ठेवा.