घरातला आजार सांगून टाका

माझ्या नवऱ्याच्या आत्यांचा एक डोळा लहानपणीच गेला होता. ‘देवी आल्या, त्यात गेला,’ एवढंच घरात सांगत. डोळ्यात गाठ झाली म्हणून तो काढावा लागला होता, हे थोरल्या चुलतसासऱ्यांनी सांगितलं ते माझ्या मुलीच्या आजारपणात.

फ्लॅशने काढलेल्या फोटोंत तिची एक बाहुली पांढरी चमकायची. पहिल्या डॉक्टरांनी ‘तिरळेपणा आहे, मोठेपणी जाईल’ म्हणून परत पाठवलं. पुढे मोठ्या इस्पितळात भूल देऊन डोळा तपासला, तेव्हा रेटिनोब्लास्टोमा निघाला, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग. ती बसायलाही उशिरा लागली होती, म्हणून रक्तातली गुणसूत्रं तपासली. तेराव्या जोडीतल्या एका गुणसूत्राचा तुकडाच नव्हता. पेशींची वाढ आवरणारं आरबी-१ हे जनुक त्याच तुकड्यावर असतं. त्याच्या दोन प्रती असतात. एक जन्मतःच नसली की दुसरी बिघडायचाच अवकाश. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली मांडलेला विचार हाच.

माझ्या माहेरच्यांकडे बोटं दाखवून झाली होती. मग नवऱ्याचं रक्त तपासलं. त्याचा तो तुकडा दुसऱ्याच गुणसूत्राला जोडला गेलाय. हरवलेलं काहीच नाही, म्हणून तो ठणठणीत. पण मुलांना देताना एखाद्याच्या वाट्याला तो तुकडा येतच नाही. यात दोष कुणाचाच नाही, सुनेचा तर नाहीच नाही.

गुणसूत्रातला प्रत्येक बिघाड आनुवंशिक नसतो, हेही समजून घ्या. रक्ताच्या एका कर्करोगात सापडणारं फिलाडेल्फिया गुणसूत्र जन्मानंतर रक्तपेशींत तयार होतं, मुलांत उतरत नाही. म्हणून अहवाल हातात आला की डॉक्टरांना थेट विचारा: बिघाड फक्त रोगट पेशींत आहे की जन्मापासून अंगभर? अंगभर असेल तर आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करा, जनुकीय समुपदेशकाला भेटा. पुढच्या गरोदरपणात गर्भजल तपासता येतं. आम्ही तपासलं. उपचार संपले तरी तपासण्या सोडू नका. जन्मजात दोष असलेल्यांना पुढे हाडांच्या कर्करोगाचाही धोका असतो.

बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, कुणाला काय झालं होतं ते पोरांना खरं सांगा.