शिकेकाईची शेंग आणि युक्काचे मूळ

आमच्या वसतिगृहात रविवार हा मुलींच्या न्हाण्याचा दिवस. शाळेच्या पहिल्या वर्षांत शनिवारी रात्रीच मोठ्या पातेल्यात शिकेकाई, रिठ्याची टरफले, आवळकाठी आणि थोडा नागरमोथा भिजत पडे. सकाळी ते उकळून गाळले जाई आणि मोठ्या मुली धाकट्यांना ओळीने न्हाऊ घालीत. माजी विद्यार्थिनींना तो वास अजून आठवत असेल. आता शाम्पूच्या पुड्या आल्या, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु अलीकडे काही पालक मजुरीच्या पैशांतून, महिन्याभरात केस वाढवण्याची हमी देणारी चूर्णे व तेले विकत घेऊन मुलींना पाठवू लागले आहेत. म्हणून वनस्पती केसांसाठी नेमके काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे येथे मांडत आहोत.

शिकेकाईच्या शेंगेत व रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचा एक भाग पाण्याशी जुळतो, दुसरा तेलाशी. त्यामुळे टाळूवरचे तेल आणि धूळ सुटून पाण्याबरोबर वाहून जाते. साबणही हेच करतो, पण तो अल्कधर्मी असतो. त्याने केस फुगतात, त्यांच्या पृष्ठावरील सूक्ष्म खवले उघडतात, आणि दुष्फेन पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असते व त्याचा असा साका होत नाही. खारट विहिरीवर न्हाणाऱ्या आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, परिणाम मात्र पुरता ठाऊक होता.

हेच ज्ञान दूरदूरच्या लोकांनी आपापल्या रानातून मिळवले. चीनमध्ये ग्लेडिट्सिया या काटेरी वृक्षाच्या शेंगा, तर युरोपात सॅपोनेरिया या रोपाची मुळे फेसासाठी वापरीत. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात राहणारे होपी लोक युक्काचे मूळ ठेचून पाण्यात घुसळतात व त्या फेसाने डोके धुतात. त्यांच्या परंपरेत विवाहाच्या वेळी वधू आणि वर यांचे केस युक्काच्या फेसात एकत्र धुऊन एकमेकांत गुंफतात. बाळाला नाव देतानाही त्याचे डोके याच फेसाने धुतले जाते. हळद उतरवण्याचे न्हाण आणि बाळंतिणीचे न्हाण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातला जिव्हाळा समजावून सांगावा लागणार नाही.

केस वाढवण्याच्या प्रश्नाकडे पाहताना मध्य आफ्रिकेतील चाड देशाचे उदाहरण आम्हांला सर्वांत बोलके वाटते. तेथील बासारा स्त्रियांचे केस कंबरेपर्यंत पोहोचतात. क्रोटन जातीच्या झुडपाच्या बिया भाजून, इतर सुगंधी द्रव्यांसह कुटून त्या 'चेबे' नावाची पूड करतात, तेलात कालवून केसांच्या लांबीला लावतात आणि वेण्या घालतात. जगभर ही पूड आता 'केस वाढवणारी' म्हणून विकली जाते. वस्तुतः केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, तोही टाळूखालच्या मुळाशी. बाहेर आलेला केस निर्जीव असतो. चेबेचा उपयोग त्या कोरड्या हवेत केस ओलसर राहून तुटू नयेत एवढाच. जो तुटत नाही, तो लांब होतो.

आपल्या खोबरेलाचेही तसेच आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका अभ्यासात खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल व खोबरेल यांची तुलना झाली. केसांतील प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीय कमी केला तो एकट्या खोबरेलाने, कारण त्यातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते. संशोधक एका तेल-उत्पादक कंपनीचे होते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. तरी त्यांचा दावा केस जपण्याचा होता, उगवण्याचा नव्हता.

तेव्हा मुलीचे केस मूठमूठ गळत असतील, तर चूर्णापूर्वी तिचे रक्त तपासावे. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीच्या पेटीत अशा चार बाटल्या सापडल्या. तपासणीत हिमोग्लोबिन फार कमी निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आहारात पालेभाज्या व कडधान्ये वाढवली, आणि काही महिन्यांनी गळणे थांबले. बाटल्यांचे पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत.

'काळी मेहंदी' हाही असाच फसवा शब्द. मेहंदीच्या पानांतील लॉसोन केसांना तांबूस रंगच देते. नीळ न मिसळता काही मिनिटांत गडद काळा रंग येत असेल, तर त्यात बहुधा रासायनिक रंग असतो. त्यातील पीपीडी या द्रव्याने कित्येकांची टाळू भाजते, डोळे सुजतात. वेष्टनावर पानांचे चित्र असले म्हणून आतले द्रव्य पानांचेच असते असे नाही.

या रविवारी पातेले पुन्हा चढवावे, असे मोठ्या मुलींचे म्हणणे पडले. रिठ्याचे पाणी डोळ्यांत फार झोंबते. धाकट्यांना मान मागे टाकूनच बसवायचे आहे.