नातीची पहिली सफर, आठवण स्वस्तात

प्रश्न : साताऱ्याच्या ४ वर्षांच्या नातीला खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कमध्ये पहिल्यांदाच नेतोय. आठवण म्हणून स्वस्तात काय घ्यावं?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, दुकानात शिरण्याआधीच रक्कम ठरवा आणि एकच वस्तू नातीला निवडू द्या. बाकीच्या आठवणी जवळपास फुकट मिळतात. मोठ्या राइड्सना उंचीची अट असते. त्या निमित्ताने त्या दिवशीची तिची उंची कागदी पट्टीवर तारखेसह नोंदवा. तिकीटही जपा. ते थर्मल कागदाचं असेल, तर अक्षरं हळूहळू उडतात आणि गरम लॅमिनेशननं कागद काळा पडतो. म्हणून लगेच झेरॉक्स काढा. घरी आल्यावर तिला आवडलेल्या राइडचं चित्र काढायला सांगा. मूळ चित्र साताऱ्यात, रंगीत झेरॉक्स सांगलीत!