मेंदूचे शास्त्र : वाट कोणती?

‘मेंदूचे शास्त्र शिकावयाचे तर डॉक्टरच व्हावे लागेल ना?’ असे बारावीच्या मुलांचे पालक विचारतात. वैद्यकीचा प्रवेश हुकला की मग ती आवडही पेटीत बंद होते. वास्तविक रुग्णावर उपचार करणे निराळे आणि मेंदू चालतो कसा हे शोधणे निराळे.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. पेशीतून संदेश विजेच्या रूपाने धावतो. दोन पेशींमधील फट तो बहुधा रसायनाच्या साहाय्याने ओलांडतो. अर्थात पदार्थविज्ञान, रसायन, गणित सारेच येथे हवे.

ओबेद सिद्दिकी अलीगढला वनस्पतिशास्त्र शिकले. १९६२ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढे सेमूर बेंझर यांच्यासह त्यांनी उष्म्याने लुळ्या पडणाऱ्या व गारव्यात पुन्हा सावरणाऱ्या फळमाश्या अभ्यासिल्या. मज्जातंतूंतील विद्युत्‌संदेश कसा बिघडतो, हे त्यांवरून तपासता आले. केळ्यावर घोंघावणारी क्षुद्र माशी ती! वास आणि चव यांचे कोडेही त्यांनी तिच्यापाशीच उकलावयास घेतले.

भोपाळात भौरी येथे आयसर आहे. संस्था २००८ सालची. तेथे बी.एस.-एम.एस.च्या पाच वर्षांत जीवशास्त्र हा मुख्य विषय घेता येतो. तेव्हा मुलीने मेंदूचे नाव काढले, तर तिला गणित मात्र सोडू देऊ नका.