पावसाळ्यापूर्वी घराजवळच्या जुन्या झाडांची निगा

बुलढाणा जिल्ह्यात घराच्या आवारातील मोठ्या झाडांची खरी कसोटी लागते ती एप्रिल-मेच्या अवकाळी वाऱ्यांत आणि मृगाच्या पहिल्या वादळी पावसात. 9 एप्रिल 2023 रोजी शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारस येथे बाबूजी महाराज संस्थानात जुने कडुनिंबाचे झाड टिनाच्या शेडवर कोसळले आणि सात जणांचा जीव गेला. अशा घटनेनंतर भीतीपोटी चांगली झाडेही तोडली जातात. वेळीच पाहणी आणि योग्य छाटणी केली, तर बहुतेक झाडे राखता येतात आणि धोकाही बराच कमी होतो.

पाहणी जमिनीपासून सुरू करावी. मोठ्या झाडाची अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांच्या मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर भागात अनेक ठिकाणी मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम असतो. तिथे मुळे खोल न जाता आडवी धावतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती खोल असली, तरी ती उन्हाळ्यात भेगाळते आणि बारीक मुळे तोडते. पावसात तीच माती फुगून मऊ पडते आणि मुळांची पकड सैल होते. म्हणून मे महिन्यात झाडाखाली पालापाचोळ्याचा तीन-चार इंच थर द्यावा, मात्र तो बुंध्याला टेकवू नये. पाला झाडाखाली जाळणे तर पूर्ण टाळावे. त्या आचेने साल आणि वरची मुळे दोन्ही भाजतात.

सर्वाधिक नुकसान बांधकामाने होते. अंगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बुंध्यापर्यंत भिडवणे, प्लॉट उंच करताना बुंध्याभोवती दोन-तीन फूट भराव टाकणे, नळाची चारी किंवा शोषखड्डा झाडालगत खोदणे या तिन्ही गोष्टी झाडाला हळूहळू मारतात. परिणाम दोन-चार वर्षांनी दिसतो, त्यामुळे खरे कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरच्या आतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. घरच्या आवारात त्याहून अधिक जागा मोकळी ठेवता आली तर उत्तम. खोदकाम बुंध्याच्या व्यासाच्या किमान दहापट अंतरावर असावे.

झाड मुळापासूनच तिरपे वाढले असेल, तर एवढ्यावरून ते धोकादायक ठरत नाही. नव्याने कललेले झाड मात्र गंभीर समजावे. काळ्या मातीत उन्हाळ्यात सगळीकडेच भेगा असतात. म्हणून पहिल्या चांगल्या पावसानंतर पुन्हा पाहावे. कलाच्या विरुद्ध बाजूला माती उचललेली आणि कमानीसारखी भेग पडलेली दिसली, तर मुळे सुटू लागली आहेत असे धरावे. बुंध्याशी लाकडासारखी कडक अळंबी उगवणे हेही आतील कुजीचे लक्षण आहे. ढोली असलेले प्रत्येक झाड पडत नाही; भोवतालचे निरोगी लाकूड पुरेसे जाड असेल, तर ते अनेक वर्षे टिकते. ढोलीत सिमेंट भरू नये. त्यामागे ओल कोंडते आणि कूज वाढते.

छाटणीत वाळलेल्या, चिरलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि छतावर आलेल्या फांद्या आधी काढाव्यात. आंब्याची छाटणी फळे उतरवल्यानंतर करावी. एका वेळी हिरव्या पसाऱ्याचा चौथ्या भागापेक्षा अधिक भाग काढू नये. शेंडा छाटून झाड बोडके करण्याची पद्धत सर्वांत घातक आहे: कापलेल्या टोकांशी कूज शिरते, तिथूनच वरवर चिकटलेल्या धुमाऱ्यांचा झुपका फुटतो आणि काही वर्षांनी तोच वाऱ्यात तुटून पडतो. जाड फांदी तीन कापांत काढावी. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर खालून, दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून. फांदी पडल्यावर उरलेले खुंट तिसऱ्या कापाने काढावे. फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर, सुरकुतलेल्या सालीला धक्का लावू नये, कारण जखम तिथूनच भरून येते. विजेच्या तारांजवळील फांद्यांना स्वतः हात न लावता महावितरणला कळवावे.

आंब्याच्या मोठ्या जखमांवर बोर्डोपेस्ट लावावी: एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना प्रत्येकी पाच लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात एकत्र करावे. खोडाच्या छिद्रातून भुसा पडत असेल, तर तो भिरुडाचा उपद्रव असतो. तारेने अळी काढून छिद्रात पेट्रोलचा बोळा घालावा आणि चिखलाने तोंड बंद करावे. बांडगूळ नुसते ओरबाडल्यास पुन्हा फुटते. ते चिकटलेल्या जागेच्या फूटभर खालून फांदीसह कापावे.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडील खारपाणपट्ट्यात बोअरचे खारे पाणी झाडाला वारंवार देऊ नये. पानांच्या कडा करपतात आणि माती घट्ट होते. छताचे पावसाचे पाणी आळ्यात सोडणे अधिक हिताचे, पण ते दिवसेंदिवस साचू देऊ नये. शेणखत जून-जुलैत फांद्यांच्या घेराखाली गोलाकार चरात घालावे.

झाड तोडणे अटळ असेल, तर परवानगी आधी घ्यावी. नगरपरिषद हद्दीत 1975 चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू असतो. 2021 च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांवरील झाड वारसा वृक्ष मानले जाते. ग्रामीण भागात 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्यानुसार आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग यांसारखी झाडे स्वतःच्या जागेतील असली, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.