करवंदांचा ब्रॅम्बल: घरच्या पेल्याचा खरा हिशेब

लिंबू, साखर, जिन आणि वर काळ्या फळाचा रस, एवढ्यावर ब्रॅम्बल होतो. डिक ब्रॅडसेल या बारटेंडरने १९८०च्या दशकात लंडनच्या सोहो भागात तो घडवला. मूळ कृतीत ब्लॅकबेरीचं गोड मद्य लागतं. ते परदेशी, आणि मालवण-कुडाळच्या दुकानांत सहसा मिळत नाही. त्यासाठी अडून राहू नका. तीच आंबटगोड, किंचित तुरट चव सिंधुदुर्गातल्या काट्याकुट्यांत एप्रिल-मे महिन्यांत लगडलेली असते. डोंगरची काळी मैना, म्हणजे करवंदं घ्या आणि ब्रॅम्बल घरीच करा. चौघांचा खर्च साधारण २६५ रुपये, म्हणजे माणशी ६५-७० रुपये.

आधी बाटली

या पेल्यातला तीन चतुर्थांशांहून जास्त पैसा जिनला जातो. जून २०२५मध्ये राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि १८० मिलीच्या क्वार्टरची किमान विक्री किंमत २०५ रुपये ठरवली. माणशी ४५ मिली धरली, तर एका क्वार्टरमध्ये नेमके चार पेले होतात. मोठी बाटली घेणार असाल, तर ७५० मिलीत सोळा पेले निघतात. छापील किंमत १,५०० असेल, तर पेल्यामागे जिनचेच ९४ रुपये पडतात. लिंबू आणि करवंदं पुढे असल्यामुळे इथे महागड्या जिनचे बारकावे झाकले जातात. साधी, स्वच्छ चवीची जिन पुरे.

गोव्यात बाटली स्वस्त मिळते, म्हणून बांद्यावरून घेऊन यायचा मोह होतो. तो टाळा. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि त्यात गाडीही जप्त होऊ शकते. शंभर-दोनशे रुपयांच्या बचतीसाठी एवढी जोखीम घेऊ नये.

महाराष्ट्रात जिनसारखं कडक मद्य पिण्यासाठी वय २५ पूर्ण हवं आणि पिण्याचा परवानाही हवा. एका दिवसाचा परवाना ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत आणि आजीवन १,००० रुपयांत मिळतो.

करवंदांचा पाक

अर्धा किलो पूर्ण काळी करवंदं घ्या. कच्ची असतील तर चीक फार येतो. मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि दोनदा धुवा. पाव किलो साखर आणि अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर फळं फुटेपर्यंत शिजवा, मग चाळणीतून गाळा. साधारण ३५० मिली पाक निघतो. करवंदं ८० रुपयांची आणि साखर-गॅस २० रुपयांचा धरला, तर १५ मिली पाक चार-साडेचार रुपयांत पडतो. परड्यातली किंवा कातळावरची करवंदं असतील, तर खर्च नावापुरताच.

फ्रीजमध्ये हा पाक पंधरा दिवस राहतो. पुढेही हवा असेल तर बर्फाच्या ट्रेत गोठवा. एक खडा म्हणजे साधारण एक पेला. मेमध्ये थोडे कष्ट घेतले, तर पावसाळाभर सोय होते.

हंगाम संपला तर अमृत कोकम वापरा. आगळ नको, त्यात मीठ असतं. कोकम मुळातच आंबट, म्हणून लिंबू १५ मिलीवर आणा.

कृती, एका पेल्यासाठी

जिन ४५ मिली, ताज्या लिंबाचा रस २५ मिली, साखरेचा पाक १० मिली. औषधाच्या बाटलीचं १० मिलीचं टोपण मापाला चालतं. हे तिन्ही, बर्फाचे चार-पाच खडे घालून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत दहा-बारा सेकंद जोरात हलवा. पेला फोडलेल्या बर्फाने भरा. त्यासाठी बर्फ स्वच्छ फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडायचा. मिश्रण गाळून ओता, मग करवंदांचा पाक १५ मिली वरून हळूच सोडा. तो बर्फातून खाली झिरपतो. ढवळू नका.

बर्फ घरच्या फ्रीजचाच वापरा. मासळीसाठीचा बर्फ पोटात जाण्यासाठी नसतो. असा बर्फ ओळखता यावा म्हणून त्याला निळसर रंग देण्याचा नियम २०१८पासून आहे.

चौघांचा खर्च

जिन, एक क्वार्टर: २०५ रुपये
लिंबं, चार-पाच: सुमारे ४० रुपये
करवंदांचा पाक, ६० मिली: सुमारे १७ रुपये
साखरेचा पाक: २-३ रुपये
एकूण: साधारण २६५ रुपये

परमिट रूममध्ये मालकाचा नफा आणि १० टक्के व्हॅट वर चढतो. घरी फक्त सामानाचेच पैसे पडतात.

मर्यादा

जिनमधलं मद्यार्काचं प्रमाण ४२.८ टक्के असेल, तर एका पेल्यात सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क जातो. गोड चवीमुळे तो जाणवत नाही, म्हणून दुसऱ्या पेल्याआधी थांबा. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि एकाच पेल्याने ती ओलांडली जाऊ शकते. ज्याला परत जायचं आहे त्याला जिनऐवजी सोडा घालून हाच पेला द्या. त्याचा खर्च वीस-पंचवीस रुपयांच्या घरात राहतो, आणि करवंदांची चव उलट जास्त मोकळी लागते.