दगडांच्या रांगा

१९८४ पर्यंत अपर व्होल्टा या नावाने ओळखला जाणारा बुर्किना फासो हा देश पश्चिम आफ्रिकेत आहे. त्याच्या उत्तरेस यातेंगा नावाचा प्रांत आहे. तेथे पाऊस थोडा. तोही उतारावरून वाहून जाई आणि जाताना सुपीक माती नेई. १९७० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. शेते ओसाड झाली. अनेकांनी गाव सोडले.

१९७९ साली ऑक्सफॅम या ब्रिटिश सेवाभावी संस्थेने तेथे कार्य आरंभिले. झाडे लावावीत, असा तिचा विचार होता; पण शेतकऱ्यांना आधी धान्य हवे होते. संस्थेने त्यांचे म्हणणे मानले.

शेतात दगडांच्या रांगा रचण्याची रीत तेथे जुनीच होती. परंतु रांग समपातळीत नसली, तर पाणी एका बाजूने निसटून जाई. म्हणून संस्थेने गवंड्यांजवळ असते तशी पाण्याची पारदर्शक नळी वापरण्यास शिकविले. नळीच्या दोन्ही टोकांचे पाणी जमिनीपासून सारख्या उंचीवर आले, की त्या दोन जागा समपातळीत आहेत असे समजावे. निरक्षर शेतकऱ्यांनाही ही युक्ती साधली.

गावकऱ्यांनी मिळून दगड वाहिले. रांगांपाशी पाणी थबकले, मुरले, माती साचली, पडीक जमिनीत ज्वारी-बाजरी डोलू लागली. दान म्हणून मिळालेले धान्य खाऊन संपते. ही विद्या मात्र शेतकऱ्यांच्या हाती कायमची राहिली.